परदेशातल्या आपल्या शहराचा आईस हॉकी संघ अधूनमधून बघूनही 'आपला' म्हणता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तीन महिन्यांपूर्वी कॅनडात विनिपेगला आलात, ऑफिसात जो तो इथल्या जेट्स या संघाबद्दल बोलतो, आईस हॉकीतलं ओ की ठो कळत नाही आणि सगळे सामने बघायला वेळही नाही. अशा माणसाने संघ आपला म्हटला तर लोक हसतील का, आणि सुरुवात कुठून करायची?

हसणार नाहीत. मी कोल्हापूरची, इथे येऊन दहा वर्षं होत आली. एका लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला असते, त्यामुळे जेट्सचे निम्मे सामने मी कामावर असतानाच होऊन जातात. मोसमात ऐंशीच्या वर सामने असतात, त्यातले मी पूर्ण बघितलेले मोजले तर दहा-बारा भरतील. म्हणजे तुमच्याच पंक्तीतली.

असं चाहतं असणं मला नवीन नव्हतं. लहानपणी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा दोन तालमींचा, म्हणजे गल्लीतल्या संघांचा, फुटबॉल सामना असला की घरातले पुरुष दुपारीच गायब व्हायचे. आम्हा मुलींना कोण नेणार? मी गच्चीवर बसून ऐकायची. ओरड्यावरून गोल झाला की हुकला ते कळायचं, आणि कोण जिंकलं ते संध्याकाळी फटाके कुठल्या बाजूला वाजले त्यावरून. ऑफसाइड म्हणजे काय हे लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. तरी आपली तालीम हरली की घास उतरायचा नाही. त्यामुळे नियम कळल्याशिवाय संघ आपला होत नाही, असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकून घेईन आणि सोडून देईन.

जेट्सच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधी माहीत करून घ्या, नाहीतर इथल्या लोकांचं वागणं कळणार नाही. हा संघ एकदा शहर सोडून गेलेला आहे. जुने जेट्स १९७२ मध्ये सुरू झाले, १९७९ मध्ये एनएचएल या सर्वांत वरच्या लीगमध्ये आले आणि १९९६ मध्ये उठून अमेरिकेत फीनिक्सला गेले. अरेना, म्हणजे खेळायचं बंदिस्त स्टेडियम, जुनं झालं होतं, खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचे आणि तिकिटांचे पैसे यायचे कॅनडाच्या पडलेल्या डॉलरमध्ये, त्यात मालकाला परवडेना. लोकांनी संघ वाचवायला वर्गणी काढली, पोरांनी गल्ले फोडून पैसे दिले, मोर्चे निघाले. तरी गेला. पुढची पंधरा वर्षं हे शहर त्या लीगमध्ये नव्हतं. बर्फावर दुसरं काय करायचं इथल्या माणसाने?

मग २०११ मध्ये अटलांटाचा थ्रॅशर्स हा संघ विकत घेऊन इथे आणला आणि त्याला परत जेट्स हे नाव दिलं. मोसमाच्या १३,००० तिकिटांपैकी जी खुल्या विक्रीला ठेवली ती १७ मिनिटांत संपली. (गंमत म्हणजे आपले जुने जेट्स फीनिक्सलाही टिकले नाहीत. शेवटी शेवटी ते एका विद्यापीठाच्या पाचेक हजार खुर्च्यांच्या अरेनात खेळत होते. २०२४ मध्ये ते बिऱ्हाड युटाला हललं.) म्हणून इथला पन्नाशीचा माणूस संघाबद्दल बोलताना सासरहून परत आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसा बोलतो. आनंद आहेच, पण एक डोळा दाराकडे. आणि ती भीती उगाच नाही. साडेसात लाखांच्या आसपासचं शहर, अरेना लीगमधल्या सर्वांत लहानांपैकी. २०२४ च्या सुरुवातीला मालकांनीच सांगितलं होतं की मोसमाची तिकिटं घेणारे १३,००० वरून साडेनऊ हजारांवर आलेत. त्यामुळे वर्षातून एकदा येणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याला नाकं मुरडण्याची चैन या गावाला परवडणारी नाही. टोरोंटोत कदाचित परवडत असेल.

आता खेळाकडे. माझी पहिली चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातून एक तिकीट मिळालं. दोनदा खेळ थांबला, दुसऱ्यांदा बर्फ साफ करणारी गाडी आली, माणसं उठून बाहेर निघाली, मीही निघाले. फुटबॉलचे दोन हाफ डोक्यात पक्के बसलेले! उणे सत्तावीसमध्ये चालत बसपर्यंत गेले, तर ड्रायव्हर म्हणाला, "संपला एवढ्यात?" तेव्हा कळलं की वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात आणि लोक बिअर आणायला उठले होते.

दुसरी चूक सगळेच करतात, पक शोधत बसण्याची. टीव्हीवर ती रबराची काळी चकती दिसत नाही. तीन इंच रुंद, एक इंच जाड, आणि खेळाडू ती अशी मारतात की कॅमेऱ्याची त्रेधा उडते. शोधू नका. माणसं बघा. सगळ्यांची तोंडं जिकडे वळली तिकडे पक आहे, आणि गोलकीपर वाकून ज्या बाजूला सरकला तिथून धोका आहे. पंधरा मिनिटांत डोळा बसतो.

मग बाकावरून होणारी उडी बघा. मला या खेळाची गोडी लागली ती त्यातून. बर्फावर गोलकीपर सोडून पाच जण, त्यातले तिघे पुढे, दोघे मागे. पुढची तिघांची तुकडी चाळीस-पंचेचाळीस सेकंद जिवाच्या आकांताने पळते, आणि खेळ चालू असतानाच ती कठड्यावरून आत येते नि दुसरी तिघांची तुकडी बाहेर उडी मारते. शिट्टी नाही, थांबणं नाही. खो-खोत बचावाला तिघे-तिघे उतरतात ना, ते डोळ्यासमोर आणा, फक्त कुणी बाद झालेलं नसतं, नुसता दम संपलेला असतो. कुठली तुकडी कुणासमोर सोडायची यातच प्रशिक्षकाचं निम्मं डोकं खर्च होतं.

नियमांतले दोन पुरेत. एक, समोरच्या निळ्या रेषेच्या आत पक आधी जायला हवा, माणूस नंतर, नाहीतर ऑफसाइड. दोन, कुणी समोरच्याला पाडलं, काठी मारली की तसं करणाऱ्याला दोन मिनिटं शिक्षेच्या पेटीत बसवतात आणि त्याचा संघ चौघांवर खेळतो. या दोन मिनिटांत गोल होण्याची शक्यता एकदम वाढते, म्हणून ओट्याशी असाल तरी पेटीचा दरवाजा उघडलेला दिसला की बाहेर या. बाकी आइसिंग वगैरे आपोआप कळत जातं.

मला हे सगळं शिकवलं ते शेजारच्या पाजींनी. ट्रक चालवतात, आमची एक भिंत सामाईक. त्यांच्याकडे पंजाबीतली कॉमेंट्री लागलेली असते. कॅनडात हॉकीचं पंजाबी समालोचन २००८ पासून आहे आणि हरनारायण सिंग हे त्यातलं मोठं नाव. पकला ते टिक्की म्हणतात! आलू टिक्कीतली टिक्की. जोरात मारलेल्या स्लॅप शॉटला चपेड शॉट, आणि शिक्षेच्या पेटीला सजेचा डबा. मराठी माणसाला यातलं बारा आणे सहज कळतं. इंग्रजी समालोचक भरभर बोलतात म्हणून जे निसटतं, ते मला या टिक्कीने दिलं. मिळालं तर जरूर लावा. पाजींची एकच अट असते, "भैणजी, चाय तुसी बणाओगे."

एप्रिल हा मात्र वेगळा महिना. तेव्हा प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, सुरू होतात, सातपैकी चार जिंकेल तो पुढे, अशा चार फेऱ्या. ऑक्टोबर ते मार्च झोपा काढल्यात तरी कुणी विचारणार नाही, पण एप्रिलमध्ये जेट्स खेळत असतील तर बघाच, आणि पांढरा कपडा काढून ठेवा. १९८७ मध्ये कॅल्गरीचे लोक लाल कपड्यांत यायचे म्हणून विनिपेगकरांनी पांढरे घातले, तेव्हापासूनची ही चाल, तिला व्हाइटआउट म्हणतात. २०१८ मध्ये जेट्स चांगले पुढे गेले होते आणि अरेनाबाहेरचे रस्ते बंद करून हजारो माणसं पडद्यावर सामने बघायला उभी राहायची. माझ्याकडे पांढरं म्हणजे नवऱ्याच्या लग्नातला नेहरू शर्ट. तो जाड जाकिटावर चढवला, दोन्ही काखांत उसवला. तिथून आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणाली, "दिंडी हाय व्हय गं?" उपांत्य फेरीत लास व्हेगसच्या संघाकडून हरलो, त्या संघाचं ते पहिलंच वर्ष. इथे तो विषय अजून काढत नाहीत. तुम्हीही काढू नका.

आता २०२५ चा मे महिना. तेवढा सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. त्या मोसमात जेट्स संपूर्ण लीगमध्ये पहिले आले होते, ५६ विजय. गोलकीपर कॉनर हेलबक वर्षभर भिंतीसारखा उभा, पुढे सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडकही त्यालाच मिळाला. आणि पहिल्याच फेरीत सेंट लुईसविरुद्ध तोच भांबावला. बाहेरच्या तीन सामन्यांत त्याला मधूनच उठवावं लागलं. गोष्ट सातव्या सामन्यावर आली. चार मे, रविवार, सामना आपल्याच गावात. दोन मिनिटं उरली असताना जेट्स १-३ ने मागे. मी म्हटलं झालं, टीव्ही बंद केला आणि कुकर लावायला गेले.

तांदूळ धूत होते तर भिंतीपलीकडून पाजी ओरडले. हा ओरडा मला ओळखू येतो, गच्चीवरचं शिक्षण आहे ते. ओल्या हाताने टीव्ही लावला, २-३ झालं होतं. हेलबकला बाहेर बोलावून जेट्स सहा जणांनी हल्ला करत होते, मागे जाळं मोकळं. आणि शेवटची दोन-तीन सेकंद असतील, कोल पर्फेटीच्या काठीने टिक्की आत. ३-३. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली की पेनल्टी वगैरे नाही, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे डाव चालू राहतात. एक डाव कोरडा गेला. दुसऱ्या डावाचीही चार मिनिटं उरली असताना कर्णधार ॲडम लाउरीने गोल केला. बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले. कुकरमध्ये तांदूळ कोरडेच पडून होते, रात्री साडेनऊनंतर कधीतरी पोरांना ब्रेड दिला.

पुढच्या फेरीत डॅलस. सतरा मेला, सहाव्या सामन्याच्या दिवशी सकाळी बातमी आली की मार्क शायफलीचे वडील रात्री अचानक गेले. २०११ मध्ये जेट्स परत आले तेव्हा त्यांनी निवडलेला हा पहिलाच खेळाडू. तो खेळणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. तो उतरला. जेट्सचा एकुलता एक गोल त्यानेच केला. आणि १-१ असताना, शेवटची पंधरा सेकंद उरलेली, गोलकडे निघालेल्या खेळाडूला त्यानेच पाडलं. पाडलं नसतं तर कदाचित तिथेच गोल झाला असता. त्याला पेटीत बसवलं. जादा वेळेत तो पेटीतच असताना डॅलसने गोल केला आणि मोसम संपला. कॅमेरा त्याच्यावर होता. मग त्याचे सोबती एकेक करून त्याच्यापाशी गेले आणि मिठी मारत गेले. पाजी रिमोट हातात घेऊन बसले होते, आवाज बंद केला, काही बोलले नाहीत. मी वर्षाला बारा सामने बघणारी बाई, पण त्या रात्री घास उतरला नाही.

तुम्ही विचारलंय सुरुवात कुठून, तर खर्चाचं सांगते. जेट्सची तिकिटं महाग. सप्टेंबरातले सराव सामने स्वस्त पडतात. त्याहून बरं म्हणजे मॅनिटोबा मूस, जेट्सचा खालच्या लीगमधला संघ. ते त्याच अरेनात खेळतात, खेळ तोच, पोरं जरा कच्ची, तिकीट बरंच कमी. पहिल्यांदा तिथे जा आणि काचेजवळची जागा घ्या. दोन माणसं काचेवर आदळतात तेव्हा खुर्ची हलते, ते टीव्हीवर कळत नाही. जाकीट न्या, मांडीवर ठेवायला का होईना. राष्ट्रगीतात 'ट्रू नॉर्थ' हे दोन शब्द आले की सगळं अरेना ओरडतं, दचकू नका. शक्य तर तुम्हीही ओरडा. आणि तिसरा डाव असतो, उठू नका.

ऑफिसात सोमवारी काय बोलायचं ही खरी अडचण असेल, तर सकाळी फक्त निकाल बघून जा. जिंकले असतील तर "हेलबक काय खेळला!" एवढं म्हटलं तरी दहापैकी आठ वेळा खपून जातं. हरले असतील तर थंडीबद्दल बोला.