वाचक विचारतात : हात लावण्याआधी

दवाखाने, आधारगृहे आणि बालगृहे यांत काम करणाऱ्यांची या वेळची पत्रे एकाच विषयावर आहेत : मोठा मानसिक आघात सोसून आलेल्या माणसाशी संस्थेने वागायचे कसे? इंग्रजीत याला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात. आपल्याकडे ट्रॉमा म्हटले की अपघात विभागच डोळ्यांपुढे येतो, म्हणून खाली ‘आघाताचे भान’ असे म्हटले आहे.

आमच्या रुग्णालयात या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा झाली, जिन्यात पोस्टरही लागले. चार महिन्यांत काडीचा फरक नाही. सुरुवात कुठून करू?
– प्रशासकीय अधिकारी, फोंडा

फाटकापासून करा. अशा कार्यशाळा फुकट जाण्याची कारणे ठरलेली असतात. तिला डॉक्टर आणि हेड सिस्टर बसतात. रुग्णाशी पहिला शब्द बोलणारा गार्ड, नोंदणीच्या खिडकीतली मुलगी आणि वॉर्डातली मावशी कंत्राटी म्हणून वगळली जातात. रात्रपाळीला तर कोणी विचारतही नाही. शिकलेली माणसे पुढे बदलून जातात आणि नवीन आलेल्यांना पोस्टर तेवढे दिसते.

दोन माणसे निवडा : एक तुमच्या कर्मचाऱ्यांतला, दुसरा पूर्वी इथे उपचार घेतलेला आणि या कामाला राजी असलेला. दोघांनी रुग्णासारखे फाटकापासून फार्मसीपर्यंत चालायचे, एकदा सकाळच्या गर्दीत, एकदा रात्री. प्रत्येक थांब्यावर चार गोष्टी टिपायच्या. इथे माझे बोलणे कोण ऐकतो, मला कोण बघतो, पुढे काय होणार ते मला सांगितले का, आणि ‘नको’ म्हणायची सोय आहे का.

यादी बहुतेक ठिकाणी सारखीच निघते. ‘काय होतंय?’ हा खिडकीवरचा प्रश्न आणि त्याचे उत्तर मागचे दहा जण ऐकतात. दीनदयाळ कार्ड (राज्य सरकारच्या आरोग्य विम्याचे) मागताना ‘नवरा कुठे आहे?’ हेही विचारले जाते. खाटेभोवतीचा पडदा वीतभर अपुरा असतो. एक्स-रेच्या खोलीबाहेर गाऊन घातलेली बाई पुरुषांच्या बाकावर बसलेली असते. संडासाची कडी मोडलेली असते. यातल्या निम्म्या गोष्टींना समुपदेशक लागत नाही, सुतार लागतो.

पुढचे काम सहा-सात जणांच्या गटाकडे द्या. त्यात गार्ड आणि मावशी हव्यातच, आणि खर्चाला सही करू शकणारा एक जण हवा. तो नसेल तर गट फक्त चहा पितो. महिन्याला दोनच बदल हाती घ्या. मोजमापासाठी नवीन फॉर्म काढू नका, आहेत तीच रजिस्टरे बघा : सल्ला डावलून निघून गेलेले रुग्ण, दुसऱ्या भेटीला न आलेले, गार्डला बोलवावे लागले ते प्रसंग, कर्मचाऱ्यांच्या अचानक रजा. बदलाआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने शेजारी शेजारी ठेवा.

अमेरिकेतील ‘सॅम्हसा’ या सरकारी संस्थेने २०१४ साली सहा तत्त्वे मांडली : सुरक्षितता, विश्वास व पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहकार्य, निवडीचा हक्क, आणि संस्कृती व लिंगभाव यांचे भान. ती भिंतीवर लावण्यापेक्षा तुमच्या एकेका नियमाला लावून पाहा. ‘स्त्री वॉर्डात पुरुष सोबती नाही’ हा नियम सुरक्षिततेसाठी बरोबर आहे. पण जिचे जवळचे माणूस म्हणजे फक्त मुलगा, ती रात्रभर एकटी पडते. दाराबाहेर त्याला खुर्ची द्या आणि तो तिथेच आहे हे तिला सांगा. नियमही राहतो, बाईही झोपते.

अंतर्गत तपासणीच्या वेळी काही बायका अंग आखडून घेतात. एक तर हात झिडकारून उठून गेली. ‘सैल सोडा, काही होत नाही’ असे आम्ही समजावतो. आणखी काय करावे?
– परिचारिका, सत्तरी

सिस्टर, आधी ते वाक्यच सोडा. ‘सैल सोड’, ‘गप्प पडून राहा’ हे शब्द काही जणींनी पूर्वी भलत्याच माणसाच्या तोंडून ऐकलेले असतात. विचार जागा होण्याआधी शरीर धोक्याची घंटा वाजवते. कोणी झिडकारते, कोणी थिजते. झिडकारणारी निदान लक्षात येते. थिजलेलीची नोंद मात्र केसपेपरवर ‘सहकार्य करते’ अशी होते.

बोलणे अंगावर पूर्ण कपडे असताना, समोरासमोर बसून करा. दोन मिनिटे पुरतात. काय करणार, का, किती वेळ लागेल ते सांगा. स्पेक्युलम, म्हणजे आतून तपासायचे चिमट्यासारखे उपकरण, तिच्या हातात देऊन दाखवा. तपासणी आजच हवी का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. घाई नसेल तर दुसरी तारीख देणे हीसुद्धा सेवाच आहे. मग थांबण्याची खूण ठरवा, हात वर करणे ही सोपी. ती झाली की लगेच थांबायचे. ‘आता झालंच, एक मिनिट’ असे एकदा म्हटलेत की ती खूण कायमची मेली.

खाटेचे डोके थोडे उंच ठेवा, म्हणजे तिला तुमचे हात दिसतात. लागेल तेवढाच भाग उघडा. शक्य तिथे पाय कड्यांत न अडकवता खाटेवरच टेकू द्या. स्पेक्युलम कोमट पाण्यात धरून घ्या. तिला हवे असेल तर ती स्वतः आत सरकवू शकते. प्रत्येक स्पर्शाआधी सांगा आणि वाट पाहा. ‘हात लावूं?’ एवढे दोन शब्द पुरतात, पण ‘हय’ येईपर्यंत थांबायला हवे. सांगता सांगताच हात लावणे म्हणजे विचारणे नव्हे. आवळत जाणारा बीपीचा पट्टा आणि दातांच्या डॉक्टरची खुर्ची यांनाही हेच लागू.

ती थिजली तर हात काढा, चादर ओढा आणि तिच्या व दाराच्या मध्ये उभे राहू नका. तिचे नाव घ्या, जागा सांगा : ‘तुम्ही दवाखान्यात आहात, मी सिस्टर, तपासणी थांबवली आहे.’ पाय जमिनीला टेकवून बसू द्या, आजूबाजूला दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायला सांगा. ‘डोळे मिटा’ म्हणू नका. काही जणींना मिटल्या डोळ्यांपुढेच ते पुन्हा दिसते. ‘पूर्वी काही झालं होतं का?’ हा प्रश्न तेव्हा तर नकोच. नंतर तिला विचारून केसपेपरवर तिची गरज लिहा, इतिहास नको : ‘आधी समजावणे, महिला कर्मचारी, डोके उंच.’ पुढच्या सिस्टरला तेवढे पुरते.

एक पुरवणी. कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्या कामगार बायकांसाठी नवऱ्याला किंवा शेजारणीला दुभाषा करू नका. तिला जे सांगायचे आहे ते नेमके त्यांच्यापुढेच बोलता येत नसते.

आमच्या संस्थेच्या नोंदणी अर्जात बालपणीच्या अत्याचारांबद्दल दहा प्रश्न घालावेत, असे एका विश्वस्तांचे म्हणणे आहे. घालावेत का?
– समाजसेविका, म्हापसा

आमचे मत : नको. हे प्रश्न फेलिटी आणि आंदा या अमेरिकी डॉक्टरांच्या सॅन दिएगोतील अभ्यासातून आले. त्यात १७ हजारांहून अधिक लोक होते आणि पहिला निबंध १९९८ साली आला. बालपणीचे आघात आणि प्रौढपणीचे आजार यांचा संबंध त्याने दाखवला, पण तो मोठ्या समूहाचा हिशेब आहे. एकेका माणसाला गुण देऊन त्याचे भविष्य ठरवू नये, असे आंदा यांनीच २०२० साली लिहिले आहे.

शिवाय उत्तर ‘हो’ आले तर पुढे काय? खोलीला दार नाही, रांगेत वीस माणसे, पाठवायला जागा ठरलेली नाही, अशा वेळी विचारणे म्हणजे जखम उघडून पट्टी न बांधणे. प्रत्येक जण काहीतरी सोसून आला असेल असे धरूनच सर्वांशी वागा. थेट प्रश्न खुणा दिसल्या तरच, एकांतात विचारा. आणि विचारण्याआधी गुप्ततेची मर्यादा सांगा : १८ वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. मुलगी सगळे बोलून गेल्यावर हे सांगणे म्हणजे तिचा दुसऱ्यांदा विश्वासघात. उपचार मात्र एफआयआरसाठी थांबवता येत नाहीत. अत्याचारग्रस्ताला तातडीने आणि मोफत उपचार देणे खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

बालगृहातला दहा वर्षांचा मुलगा गादीखाली पाव लपवतो, मुंग्या लागतात. रात्री उठवले की ओरडतो, मारायला धावतो. शांत होईपर्यंत खोलीत कडी लावून ठेवावे लागते.
– काळजीवाहक, बार्देश

कडी आजपासून बंद. कोंडल्यावर आवाज थांबतो, भीती थांबत नाही. शिक्षा म्हणून मारहाण झाली तर बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ८२ लागते, हेही सर्व कर्मचाऱ्यांना ठाऊक असू द्या.

पाव लपवणे ही चोरी नव्हे. पुढचे जेवण मिळेल याची त्याला अजून खात्री नाही. झाकणाचा एक डबा त्याच्या नावाने द्या. त्यात बिस्किटे, केळे, पाव ठेवा, संपले की न बोलता भरा. पहिल्या दिवसांत तो डबा दोनदा-तीनदा रिकामा करील. ‘हावरट’ म्हणू नका, मोजदाद करू नका. जेवणाच्या वेळा भिंतीवर लिहा आणि उशीर होणार असेल तर आधी सांगा. जेवण बंद ही शिक्षा तर कोणालाच नको, कारण एकाची थाळी काढली की डबे सगळेच भरू लागतात.

रात्री पांघरूण ओढून किंवा खांदा हलवून उठवू नका. दारातूनच त्याचे नाव घ्या, आपले नाव सांगा, बारीक दिवा असू द्या. दिवसा, तो शांत असताना, त्याच्याबरोबर बसून एक पान लिहा : मला कशाने राग येतो, तेव्हा अंगात काय होते, मला काय बरे वाटते, कोण जवळ चालेल. एकाला ओट्यावर जाऊन बसायचे असते, दुसऱ्याला बादलीभर पाणी अंगावर घ्यायचे असते. ते पान रात्रपाळीच्या माणसाने वाचलेले हवे. नाहीतर दिवसभराची मेहनत रात्री अकराला पाण्यात.

कॅज्युअल्टीत नातेवाइकांनी आमच्या सहकाऱ्याला मारले. आता सगळ्यांना एकत्र बसवून ‘झालेले सांगा’ असे सत्र सक्तीचे केले आहे. जावे का?
– स्टाफ नर्स, मडगाव

सक्ती चूक आहे. घटनेनंतर लगेच सगळ्यांकडून प्रसंग वदवून घेणाऱ्या अशा एका बैठकीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. काहींना त्याने त्रासच वाढतो. झोपेसाठी लगेच शामक गोळ्या वाटणेही टाळायचे. त्याऐवजी त्याच पाळीत दहा मिनिटे : कोणाला लागले, कोणाला घरी सोडायचे, उद्या त्या खिडकीवर कोण. मार खाल्लेल्याला निदान काही दिवस दुसरी ड्युटी द्या, पण त्याला विचारून. न विचारता हलवले तर ती शिक्षा वाटते. पोलिस तक्रार संस्थेने करावी, त्याच्या एकट्यावर टाकू नये. बोलावेसे वाटले तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी (१४४१६) चोवीस तास चालू असते. महिनाभरानंतरही झोप उडालेली असेल, ड्युटीच्या नावाने पोटात गोळा येत असेल, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. कंत्राटी गार्डलाही हे सगळे तसेच मिळायला हवे. पहिला धक्का त्यालाच बसलेला असतो.