गोव्याच्या लग्नात टोस्ट रेझ करायचाय, काय बोलू?

प्रश्न: ताई, मडगावला माझ्या मैत्रिणीचं कॅथलिक पद्धतीचं लग्न आहे आणि रिसेप्शनला टोस्ट मीच रेझ करायचा, म्हणजे ग्लास उंचावून नवरा-नवरीसाठी शुभेच्छांचं छोटं भाषण करायचं, असं तिने ठरवूनच टाकलंय. आमच्याकडे उखाण्यापलीकडे कुणी माइक धरत नाही हो, काय बोलू?

उत्तर: अगं, केवढा मान दिलाय तिने तुला! हा मान सहसा घरातल्या जवळच्या माणसाला मिळतो, तेव्हा नाही म्हणू नकोस. आधी सगळ्यांच्या हातात ग्लास आलेत ना ते बघ आणि तीन-चार मिनिटांच्या वर जाऊ नकोस, लोक ताटकळतात. तिचा एकच प्रसंग सांग पण नीट सांग, म्हणजे तू आजारी असताना ती डबा घेऊन आली असेल तर डब्यात काय होतं तेपण सांग, तेच लोकांच्या लक्षात राहतं. नवऱ्याबद्दल आणि दोन्हीकडच्या आईवडलांबद्दल दोन शब्द हवेतच, जुनी अफेअर्स मात्र अजिबात नको. शेवटचं वाक्य तेवढं पाठ कर, ग्लास उंच कर, दोघांची नावं घे आणि जोरात 'व्हिवा', म्हणजे पोर्तुगीजमधलं 'चिरायू होवोत', म्हण, हॉल आपोआप साथ देईल. वाइन घेत नसशील तर ग्लासात सरबत चालतं. टोस्टला उत्तर द्यायला बहुतेक नवरा उभा राहतो, तेव्हा माइक त्याच्याकडे दे.