आलेख जुळला, म्हणून जाळे खरे ठरते का?

प्रश्न : सहा जनुकांच्या नियमन जाळ्याचे, म्हणजे कोणते जनुक कोणाला चालना देते वा रोखते त्या दुव्यांचे, विकलक (काळानुसार होणारा बदल मांडणाऱ्या) समीकरणांवर आधारलेले प्रारूप (मॉडेल) मी तयार केले आहे. त्यातून मिळणारे आलेख प्रयोगशाळेतील आरएनए (जनुक चालू असताना त्यावरून बनणारी प्रत) मोजणीशी उत्तम जुळतात. एवढ्यावरून प्रारूप बरोबर आहे, असे म्हणता येईल का?
– एक पदव्युत्तर विद्यार्थी

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. ज्या मोजणीवरून आपण समीकरणांतील परिमाणे (दुव्यांचा जोर, वेग अशा संख्या) ठरवली, तिच्याशीच प्रारूप जुळले, तर त्यातून समीकरणांची लवचीकता दिसते. जाळ्याची रचना सिद्ध होत नाही. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ या जनुकांची अभिव्यक्ती (जनुक किती चालू आहे ते प्रमाण) सोबत वाढते व सोबत घटते. ‘अ’ हे ‘ब’ला चालना देत असेल किंवा दोन्ही जनुके तिसऱ्याच ‘क’च्या नियंत्रणाखाली असतील, तरी आलेख जवळजवळ सारखाच दिसेल. हा पेच सुटतो तो ‘अ’ निकामी केल्यावर : पहिल्या रचनेत ‘ब’ घटेल, दुसरीत नाही. त्यामुळे एखादे जनुक निकामी केलेल्या पेशींची मोजणी आपल्याकडे असेल, तर प्रारूप घडवताना ती बाजूला ठेवावी, आधी भाकीत लिहून काढावे आणि मगच ती उघडावी. माझ्या मते ही एक कसोटी दहा सुबक आलेखांपेक्षा अधिक मोलाची आहे.

आपण नेमके कशाची तुलना कशाशी करतो, हेही तपासावे. नियमन बहुतांशी प्रथिने करतात आणि आपण मोजला आहे आरएनए. प्रथिने सहसा आरएनएपेक्षा बरीच जास्त काळ टिकत असल्यामुळे दोघांच्या चढउतारांत अंतर पडते, आणि समीकरणांत ते धरले नसेल तर चुकीच्या परिमाणांनी ती उणीव झाकली जाते. शिवाय लाखो पेशी एकत्र करून घेतलेली मोजणी ही सरासरी असते. निम्म्या पेशींत जनुक पूर्ण चालू आणि निम्म्यांत बंद असेल, तर सरासरी अर्धी येते, पण तशी अवस्था एकाही पेशीत नसते. एकेका पेशीच्या मोजणीत ही अडचण टळते. मात्र तिथले शून्य म्हणजे जनुक बंदच आहे असे नव्हे, कारण थोडा आरएनए मोजणीतून निसटतोही.

प्रारूप जुळले नाही, तर खचून जाऊ नये. फळमाशीच्या भ्रूणातील खंडांची आखणी करणाऱ्या जनुकांचे प्रारूप जॉर्ज फॉन डासो आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केले. त्या वेळी पक्के ठाऊक असलेले दुवे तेवढेच घेतल्यावर अपेक्षित नक्षी टिकेना. आणखी दोन दुवे जोडल्यावर मात्र सुमारे 50 परिमाणे यादृच्छिकपणे निवडूनही ती वारंवार उमटू लागली. म्हणजे न जुळण्यातूनच जाळ्यात काय कमी आहे, ते त्यांना कळले. आपणही आपल्या जाळ्यातील एकेक दुवा काढून पाहावा. एखादा काढूनही आलेख तसाच जुळत राहिला, तर त्या दुव्याला या मोजणीत आधार नाही, असे स्पष्ट नोंदवावे.