गव्हर्नरने लावलेली पोटनिवडणूक आणि काउंटीचं बिल

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) हिशेब विभागात मी नोकरीला आहे. आमच्या भागातल्या असेंब्ली सदस्याने मुदत संपण्याआधीच राजीनामा दिला. गव्हर्नरने पोटनिवडणूक जाहीर केली आणि २०२४-२५ च्या आर्थिक वर्षात ती दोन फेऱ्यांत पार पडली. सगळा खर्च काउंटीच्या तिजोरीतून गेला. गव्हर्नरचं कार्यालय आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट यांना आम्ही वर्षभर पत्रं लिहीत आहोत, पण ठोस उत्तर येत नाही. २०२१ च्या रिकॉलला (गव्हर्नरला पदावरून परत बोलावण्याच्या मतदानाला) आणि २०२५ च्या विशेष निवडणुकीला राज्याने पैसे दिले, मग आम्हाला का नाही? कोर्टात जावं का? बोर्ड ऑफ सुपरवायझर्सपुढे (काउंटीच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळापुढे) मला टिपण ठेवायचं आहे.

उत्तर: अशी पत्रं मला नेहमी येतात. कधी शाळा मंडळावर निवडून आलेल्या मराठी पालकाचं असतं, कधी एखाद्या छोट्या पाणीपुरवठा डिस्ट्रिक्टच्या संचालकाचं. तपशील वेगळे, पण सगळे एकच धरून चालतात: निवडणूक राज्याने लावली, म्हणजे खर्च राज्याचा. भारतात लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा आणि दोन्ही एकत्र झाल्या तर निम्मा-निम्मा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्या निवडणूक संहितेचं कलम १३००१ मात्र निवडणुकीचा खर्च मुळातच काउंटीच्या तिजोरीवर टाकतं. त्यातून सुटायचं असेल तर तशी तरतूद कुठे लिहिली आहे ते दाखवावं लागतं.

२०२१ आणि २०२५ मध्ये ती लिहिलेली होती. १४ सप्टेंबर २०२१ च्या रिकॉलआधी विधिमंडळाने काउंट्यांसाठी २१ कोटी ५० लाख डॉलर मंजूर केले. ४ नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकीचे पैसेही निवडणूक लावतानाच विधिमंडळाने ठरवून दिले. तुमच्या पोटनिवडणुकीसाठी असा कायदा झाला नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेप्रमाणे विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय राज्याच्या तिजोरीतून एक डॉलरही बाहेर पडत नाही. तुमच्या पत्रांना उत्तर येत नाही, कारण ज्यांना ती लिहिली त्यांच्या हातात पैसे देणं नाहीच. वर्ष त्यात गेलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तेवढ्या वेळात एकदा काउंटी कौन्सेलच्या, म्हणजे काउंटीच्या कायदा सल्लागाराच्या, कार्यालयात जाऊन बसला असता, तर आज मला काही मुदती गेल्या म्हणून सांगावं लागलं नसतं.

आता तुमच्या मनात असलेला दुसरा मुद्दा. राज्यघटनेचा अनुच्छेद १३-ब, कलम ६ म्हणतो की राज्याने स्थानिक संस्थेवर ‘नवा कार्यक्रम’ किंवा ‘वरच्या पातळीची सेवा’ लादली, तर खर्च राज्याने भरून द्यायचा. १९७९ साली मतदारांनीच ही तरतूद केली आणि काउंट्यांचा सगळा भरवसा तिच्यावर असतो. पण खर्च वाढला एवढ्याने ‘वरच्या पातळीची सेवा’ होत नाही, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच लॉस अँजेलिस काउंटीच्या खटल्यात सांगून टाकलंय. शिवाय विधिमंडळातली जागा रिकामी झाली की गव्हर्नरने लगेच निवडणूक लावायची, ही आज्ञा खुद्द राज्यघटनेत आहे. आणि पोटनिवडणूक घेणं हे काउंटीसाठी नवं काम नाही. म्हणून मतदान केंद्रं, कर्मचारी, मोजणी, मतपत्रिकांची छपाई, हा जो मोठा आकडा आहे तो या कलमाखाली मिळेल असं मला वाटत नाही. बोर्डाला हे स्पष्ट लिहा.

तरी त्या बिलात एक ओळ अशी आहे जिच्यावर काउंटी हक्क सांगू शकते, आणि तिची मुदत अजून पूर्ण संपलेली नाही. ती ओळ परतीच्या टपालाची. २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने मतदाराने मतपत्रिका परत पाठवायच्या पाकिटाचं टपाल आधीच भरलेलं असणं सक्तीचं केलं. लॉस अँजेलिस काउंटीने त्यावर ‘टेस्ट क्लेम’ (कायद्याने लादलेला खर्च राज्याने द्यायचा का, हे ठरवून घेणारा पहिला दावा) दाखल केला आणि असे वाद ठरवणाऱ्या कमिशन ऑन स्टेट मँडेट्सने २०२० मध्ये तो अंशतः मान्य केला. एका काउंटीचा टेस्ट क्लेम मान्य झाला की बाकीच्या काउंट्याही दरवर्षी स्टेट कंट्रोलरकडे (राज्याच्या मुख्य हिशेब अधिकाऱ्याकडे) आपापला दावा लावू शकतात. ज्या निवडणुका स्थानिक संस्था आपल्या मर्जीने लावते, त्या यातून वगळल्या जातात. गव्हर्नरने जाहीर केलेली पोटनिवडणूक काउंटीची मर्जी म्हणता येणार नाही, असं माझं वाचन आहे. पण शेवटचा शब्द त्या मँडेटच्या, म्हणजे राज्याने लादलेल्या कामाच्या, पॅरामीटर्स अँड गाइडलाइन्सचा (कोणता खर्च मिळेल हे सांगणाऱ्या नियमांचा) असतो, आणि ते पान काउंटी कौन्सेलने स्वतः वाचायला हवं. राज्याच्या त्या वर्षीच्या बजेटमध्ये हा मँडेट चालू होता की स्थगित, हेही त्यांना आधी बघू दे. स्थगित असेल तर त्या वर्षाचा दावा उभाच राहत नाही.

तारीख मात्र कुणाच्या मतावर अवलंबून नाही. कॅलिफोर्नियाचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं आणि वार्षिक दावा पुढच्या १५ फेब्रुवारीपर्यंत कंट्रोलरकडे पोचावा लागतो. २०२४-२५ साठी ती तारीख होती १५ फेब्रुवारी २०२६. तुमच्या पत्रात दाव्याचा उल्लेखच नाही, त्यावरून तो दाखल झालेला नाही असं मी धरतो. उशिराचा दावा पुढचं एक वर्ष घेतला जातो, पण रकमेतून दहा टक्के कापून. ही कपात जास्तीत जास्त १०,००० डॉलर. म्हणजे तुमच्यासाठी शेवट १५ फेब्रुवारी २०२७. त्यानंतर दावा कितीही खरा असला तरी कंट्रोलर तो घेणार नाही. आणखी एक अट अशी की १,००० डॉलरपेक्षा कमी रकमेचा दावा चालत नाही. दोन फेऱ्या आणि मध्यम काउंटी म्हटल्यावर ती अडचण यायला नको.

दावा टिकतो तो कागदावर, आणि हिशेब विभागात अडचण इथेच येते. कंट्रोलरला प्रत्यक्ष झालेला खर्च लागतो, आणि तो त्याच वेळी किंवा त्याच्या आसपास तयार झालेल्या मूळ कागदाने सिद्ध व्हावा लागतो. आता बसून केलेली एक्सेल शीट तपासणीत उपयोगी पडत नाही, आणि पैसे मिळाल्यानंतरही तपासणी येऊ शकते. बिझनेस रिप्लाय पद्धतीत जेवढी पाकिटं परत येतात तेवढ्यांचंच टपाल पोस्ट खातं आकारतं. ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेल्या मतपत्रिकांना टपाल लागत नाही. म्हणून मतपत्रिका किती पाठवल्या हा आकडा इथे कामाचा नाही; पोस्टाच्या परमिट खात्यावर त्या दोन फेऱ्यांच्या तारखांना किती पाकिटं नोंदली गेली, तो आकडा लागतो.

बऱ्याच काउंट्यांत टपालाचा सगळा खर्च वर्षभर एकाच खात्याला पडतो: मालमत्ता कराच्या नोटिसा, ज्युरीची पत्रं, नियमित निवडणूक, पोटनिवडणूक, सगळं एका ओळीत. तुमच्याकडे तसंच असेल तर पोस्टाची महिन्यामहिन्याची मूळ स्टेटमेंट्स आजच मागवा आणि मतपत्रिकांच्या पाकिटांचं परमिट वेगळं होतं का ते बघा. वेगळं असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर निवडणूक कार्यालयाने परत आलेल्या पाकिटांची रोजची नोंद त्याच दिवशी केलेली असते. ती आणि पोस्टाचं बिल तारखेने जुळवा. राज्याच्या किंवा केंद्राच्या एखाद्या अनुदानातून याच कामाचा काही भाग आधीच भागला असेल, तर तो वजा करा. तो दाखवायचा राहिला, तर बाकीच्या दाव्याकडेही संशयाने पाहिलं जातं.

तुम्ही विचाराल, २०२२ पासून प्रत्येक सक्रिय मतदाराला मतपत्रिका पाठवणं कायमचं सक्तीचं झालं, ती तर वरच्या पातळीची सेवा आहे ना? युक्तिवाद चांगला आहे. पण टेस्ट क्लेमला कायदा लागू झाल्यापासून किंवा वाढीव खर्च पहिल्यांदा झाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून, १२ महिन्यांची मुदत असते. तो पहिला खर्च तुमच्या काउंटीला २०२२ मध्येच झाला असणार. म्हणजे तुमच्या हातून ती वेळ गेली. दुसऱ्या कुणी वेळेत अर्ज केला असेल तर त्याचा फायदा तुम्हालाही मिळेल, म्हणून कमिशनच्या प्रलंबित प्रकरणांची यादी एकदा नजरेखालून घाला.

बिलात अजून एक जागा शोधण्यासारखी आहे. त्या पोटनिवडणुकीच्या मतपत्रिकेवर एखाद्या शहराचा, शाळा डिस्ट्रिक्टचा किंवा पाणी डिस्ट्रिक्टचा विषय जोडलेला होता का? असेल तर त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्याकडून वसूल करायचा अधिकार काउंटीला आहे, आणि ते बिल पाठवायचं राहून जाणं फार सर्रास घडतं.

कोर्टात जावं का? माझं उत्तर ‘नाही’ आहे. मँडेटच्या वादात आधी कमिशनकडेच जावं लागतं, थेट कोर्ट दाद देत नाही. कमिशननंतर कोर्ट गाठलं तर काय होतं ते सॅन डिएगो काउंटीने अनुभवलंय. लैंगिक गुन्हेगारांच्या दिवाणी स्थानबद्धतेचा खर्च राज्याने द्यावा की नाही, यावर कमिशनने २०१३ मध्ये काउंट्यांविरुद्ध फेरनिर्णय दिला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला नोव्हेंबर २०१८ मध्ये, तोही काउंट्यांच्या बाजूने, आणि प्रकरण पुन्हा कमिशनकडे गेलं. हातात भक्कम मुद्दा असलेल्या काउंट्यांची ही गत. तोवर वकिलांची बिलं काउंटीच भरते, आणि ते पैसे वाचनालयाच्या तासांतून आणि रस्त्यांच्या डागडुजीतून जातात. ही दिरंगाई मला संतापजनक वाटते, पण माझ्या संतापाने तुमची तारीख पुढे जाणार नाही.

मोठ्या रकमेसाठी खरा दरवाजा विधिमंडळाचा आहे आणि त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. गव्हर्नरचं बजेट १० जानेवारीपर्यंत येतं, मेच्या मध्यावर त्यात दुरुस्त्या होतात आणि १५ जूनपर्यंत ते मंजूर व्हावं लागतं. बजेट उपसमित्यांच्या बैठका वसंतात होतात. तुमच्या बोर्डाचा ठराव आणि फेरीनिहाय खर्चाचा तक्ता तिथे तेव्हा पोचला पाहिजे, तुमच्या असेंब्ली सदस्यामार्फत आणि काउंट्यांच्या राज्य संघटनेमार्फत. नव्याने निवडून आलेला सदस्य ज्या निवडणुकीतून आला तिचंच बिल त्याच्या टेबलावर ठेवायचं आहे, त्यामुळे तो निदान ऐकून तरी घेईल. मागच्या वर्षांचे पैसे सरसकट मिळतील अशी हमी मी देणार नाही.

पुढच्या वेळेसाठीचं काम राजीनाम्याची बातमी आली त्याच दिवशी करायचं असतं. जागा रिकामी झाल्यापासून १४ दिवसांत गव्हर्नरला निवडणूक जाहीर करावी लागते. निवडणूक सहसा घोषणेपासून १२६ ते १४० दिवसांत होते, पण नियमित निवडणुकीला जोडायची असेल तर २०० दिवसांपर्यंत ताणता येते. प्रत्येक राजीनाम्यात हे जमत नाही. केविन मॅकार्थी यांनी २०२३ च्या अखेरीस काँग्रेसची जागा सोडली, तेव्हा नियमित प्राथमिक फेरी ५ मार्च २०२४ ला होती, पोटनिवडणुकीची प्राथमिक फेरी १९ मार्चला आणि अंतिम फेरी २१ मे रोजी. एकाच मतदाराच्या घरी दोन वेगळ्या निवडणुकांची पाकिटं एकाच सुमारास पडली, आणि दोन्हीचं परतीचं टपाल काउंटीच्या नावावर. जिथे जोडणं शक्य आहे तिथे तरी मागणी पहिल्या १४ दिवसांत गेली पाहिजे. एकदा घोषणेवर सही झाली की तारीख हलवून घेणं जवळपास अशक्य असतं.

बोर्डाच्या टिपणाला तीन जोडपत्रं पुरेत: फेरीनिहाय खर्च, परतीच्या टपालाचे मूळ कागद आणि जोडलेल्या संस्थांकडून येणं बाकी असलेली रक्कम. टिपण बोर्डापुढे जाण्याआधी कंट्रोलरचा दावा अर्ज भरून काउंटी कौन्सेलकडे द्या. बोर्डाच्या बैठकीची वाट बघू नका. दहा टक्के गेलेच आहेत, बाकीचे नव्वद १५ फेब्रुवारी २०२७ च्या आत मागायचे आहेत.