वाचकांचे प्रश्न: काचेला चिकटवलेले दाणापात्र

प्रश्न: सक्शन कपने काचेला चिकटणारे पारदर्शक दाणापात्र मी तीन आठवड्यांपूर्वी खिडकीबाहेर लावले आणि त्यात बाजरी भरली. समोरच्या झाडावर चिमण्या आणि बुलबुल रोज दिसतात, पण पात्राकडे एकही फिरकलेला नाही. पक्षी काचेवर आपटतील, अशी भीतीही घरच्यांना वाटते. पात्र काढून तीन-चार मीटर लांब टांगावे का?

उत्तर: तसे मुळीच करू नये. घरच्यांची भीती खरी आहे, मात्र तिच्यावर आपण योजलेला उपायच धोक्याचा आहे. पक्ष्याला काच दिसत नाही. तिच्यात पडलेले आकाशाचे आणि फांद्यांचे प्रतिबिंब त्याला खरे वाटते आणि तो त्या दिशेने झेपावतो. अमेरिकेत इमारतींवर आपटून दरवर्षी ३६.५ कोटी ते सुमारे १०० कोटी पक्षी मरतात, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तीन-चार मीटरवरून दचकून उडालेला पक्षी काचेपर्यंत पोहोचतो तोवर जीवघेणा वेग घेतो. काचेलाच चिकटलेल्या किंवा तिच्यापासून मीटरभराच्या आत असलेल्या पात्रावरून उडणाऱ्याला तेवढा वेग घेण्यास वावच मिळत नाही. म्हणून पात्र काचेवर तरी असावे, नाहीतर चांगले दहा मीटर दूर असावे. मधले अंतर वाईट. घराच्या इतर मोठ्या काचांवर बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटिमीटरला एक असे ठिपके किंवा पट्ट्या लावाव्यात. एकच ससाण्याचे चित्र चिकटवून भागत नाही, कारण पक्षी तेवढी जागा चुकवून शेजारच्या मोकळ्या काचेवर धडकतो.

आता पक्षी न येण्याविषयी. बुलबुलाची वाट पाहू नये. त्याची बारीक चोच मऊ फळांसाठी आणि किड्यांसाठी आहे, त्यामुळे कोरड्या बाजरीत त्याला काहीच रस नसतो. चिमणीची जाड, शंकूच्या आकाराची चोच मात्र दाणे सोलण्यासाठीच असते, तेव्हा आपले पात्र तिच्यासाठी आहे. तिलाही नव्या वस्तूची धास्ती वाटते आणि तीन आठवडे हा काही फार मोठा काळ नव्हे. पात्र तळाशी थोडेसे भरण्याऐवजी काठोकाठ भरावे, म्हणजे दाणे लांबून दिसतील, आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर चार दाणे टाकून ठेवावेत. थव्यातली एखादी धीट चिमणी एकदा पात्रात बसली की बाकीच्या तिचे पाहून येतात. तोवर जागा बदलत राहू नये. भिजलेले दाणे मात्र लगेच टाकून द्यावेत, कारण त्यांना येणारी बुरशी पक्ष्यांना बाधते.

प्रश्न: चिमण्या येऊ लागल्या आहेत, पण मी काचेजवळ गेले की सगळ्या भुर्रकन उडतात. काय करावे?

उत्तर: त्या आपल्या चेहऱ्यापेक्षा हालचालीला घाबरतात. खोलीतला दिवा मालवावा, पात्रापासून थोड्या अंतरावर एक खुर्ची कायमची ठेवावी आणि चिमण्या येण्याआधीच तिच्यावर जाऊन बसावे. काचेवर आरशासारखी फिल्म लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त असेपर्यंतच ती आपल्याला लपवते. शिवाय तिच्यात प्रतिबिंब अधिक ठळक पडते, म्हणून मला ती पसंत नाही.

बसल्यावर चोचीकडे पाहावे. चिमणी दाणा चोचीच्या कडेला धरते, जिभेने तो फिरवते, खालची चोच कात्रीसारखी चालवते आणि फोलपट कडेने गळून पडते. हे सारे पापणी लवायच्या आत घडते. दुर्बिणीतून न दिसणारी ही गोष्ट काचेपलीकडे वीतभर अंतरावर स्पष्ट दिसते. यावरून एक व्यवहारातली गोष्टही कळते: भरलेले दिसणारे पात्र पुष्कळदा नुसत्या फोलपटांनी भरलेले असते. रोज फुंकर मारून पाहावी.

नोंदी ठेवायच्या असतील, तर दिवसभरात आलेल्या चिमण्यांची बेरीज करू नये, कारण तीच चिमणी दहा वेळा येते. उत्तर अमेरिकेत १९८७ पासून चालणाऱ्या प्रोजेक्ट फीडरवॉच या दाणापात्रांवरील पक्षी मोजण्याच्या उपक्रमात प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी तेवढे लिहितात. घरच्या वहीतही तीच रीत ठेवावी.

प्रश्न: सक्शन कप दोन दिवसांत सुटतात. गोंद लावावा का?

उत्तर: नको, पात्र धुण्यासाठी ते काढावेच लागते. काच साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी, कप क्षणभर कोमट पाण्यात बुडवावा, पाणी झटकावे आणि मधली हवा निघेल असा दाबून बसवावा. रबर कडक झाले असेल तर कप बदलावा.

प्रश्न: पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून एक पक्षी पात्रातच बसून राहतो. त्याला जास्त दाणे द्यावेत का?

उत्तर: उलट पात्र तत्काळ उतरवावे. ही आजाराची लक्षणे आहेत, आणि एकाच ताटात अनेकांनी जेवल्याने लाळेतून व विष्ठेतून रोग पसरतो. ट्रायकोमोनोसिस या रोगाने ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली, त्यात दाणापात्रांभोवतीच्या गर्दीचा वाटा मानला जातो. निदान दोन आठवडे दाणे बंद ठेवावेत. पात्र साबणाने घासावे, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून त्यात दहा मिनिटे बुडवावे, खळखळून धुवावे आणि पूर्ण वाळवावे. कोणी आजारी दिसत नसतानाही दर पंधरवड्याला अशी धुलाई करावी. ज्याला एवढे जमणार नाही त्याने पात्र लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: एक पक्षी दाणे सोडून काचेलाच चोची मारत राहतो. तो वेडा झाला आहे का?

उत्तर: नाही. विणीच्या हंगामात आपल्या हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी समजून तो स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत आहे. काचेच्या तेवढ्या भागावर बाहेरून कागद लावावा; आतून पडदा ओढल्याने प्रतिबिंब जात नाही.