पेवात सोडलेला कंदील

चि. पोरीस,

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित दोनदा वाचलं. गढी ओळखीची वाटली. ढासळलेला बुरूज, पांढरीच्या मातीच्या भिंती, माळवदातलं उजेडाचं एकुलतं सवणं. पण तिथं धुकं आणि घुबड कशाला आणलंस? आपल्याकडं भीती वैशाखातल्या भरदुपारी वाटते, गढीत चिटपाखरू नसतं तेव्हा.

वहिनीच्या हातून तू दिराच्या दुधात सोमल घातलास. विष कुणीही घालतो. गढीत पेव आहे ना, जमिनीखालचं धान्याचं? बंद पेवात ज्वारी श्वास घेत राहते, हवा जड होऊन तळाशी बसते. म्हणून फरशी सरकवली की बराच वेळ थांबायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. आमची आजी तोंडावर पदर धरून पेवाच्या काठाशी उभी राहायची. तो उबट वास मला अजून आठवतो. हैदराबादेत शिकून आलेल्या दिराला हे ठाऊक नाही. सनद खाली लपवलीय या संशयानं तो एकटाच उतरतो. तुझी वहिनी वर उभी आहे, हातात कंदील, आणि ती काही बोलत नाही. बस, एवढाच खून.

तिला सोडवू नकोस. दिराच्या दुष्टपणाची ती वीस पानं मी खोडली आहेत. उलट त्यानं तिच्या लेकीला खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं असू दे. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिकेच्या प्रत्येक पापाला मी सबब पुरवली होती. आता ते पुस्तक मलाच वाचवत नाही.

काळाचंही बघ. तुझं साल 1931, म्हणजे निजामी राजवट. कागदावर त्या वैशाखात फसली सन 1340 पडेल, पैसे निजामाच्या हाली शिक्क्यात मोजले जातील, तपासाला फौजदार नाही, अमीन येईल. पंचनामा उर्दूत. वहिनीला उर्दू वाचता येतं, हे अमीनला कळू देऊ नकोस. तो एक लिहितो, वाचून दाखवतो भलतंच. ती सगळं समजून मुकाट अंगठा उठवते. हा प्रसंग घाईनं उरकू नकोस, दहा पानं दे.

पेवाचं प्रकरण दिवाळीआधी पाठव. घुबड मात्र आजच काढ.

तुझे,
सर