तिकीट काढून जाऊ नका, बोलावलं तर अटी घालून जा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईत पंचतारांकित हॉटेलात दोन दिवसांची हेल्थकेअर कॉन्फरन्स आहे, पास चाळीस हजारांच्या घरात, 'रुग्ण प्रतिनिधी' म्हणून थोडी सवलत आणि वर 18 टक्के जीएसटी. थॅलेसेमिया असलेल्या, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांच्या पालकांच्या तुमच्या गटाने वर्गणीतून हा खर्च करून कुणाला पाठवावं का? माझं उत्तर स्पष्ट आहे, वर्गणीतून पाठवू नका. मी रुग्णगटांचं काम बरीच वर्षं करते आहे. अशा ठिकाणी खाली खुर्चीतही बसले आहे आणि वर व्यासपीठावरही.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. डॉक्टरांच्या संघटना भरवतात ती अधिवेशनं निराळी. तिथे संशोधन मांडलं जातं, आणि रुग्णगटांना कमी फी किंवा प्रवासखर्च मिळण्याची सोय पुष्कळदा असते, तिचा अर्ज जरूर करा. तुम्हाला आमंत्रण आलंय ते इव्हेंट कंपनीचं. तिथे विकली जाते ती भेटगाठ. औषध कंपन्यांचे अधिकारी, गुंतवणूकदार, मोठ्या हॉस्पिटलांचे व्यवस्थापक एकमेकांना गाठायला पैसे मोजतात आणि एक सौदा जमला की ते वसूल होतात. तुमच्या गटाचे कशातून वसूल होणार? तेवढ्या पैशांत गटातल्या काही मुलांच्या फेरिटिनच्या, म्हणजे शरीरात साठलेलं लोह दाखवणाऱ्या, तपासण्या वर्षभर होतील.

आयोजकांना मात्र तुम्ही हव्या असता, कारण मग पत्रिकेवर 'रुग्णाचा आवाज' असं छापता येतं. एका परिषदेत आमचं चर्चासत्र दुसऱ्या दिवशी अगदी शेवटी ठेवलं होतं. औषधांच्या किमतींवर सकाळी तासभर बोललेल्या अधिकाऱ्यांपैकी एकही जण तोवर सभागृहात उरला नव्हता. समोर बसले होते ते आमच्यासारखेच पालक, स्वतःचे पैसे भरून, रजा काढून आलेले. त्याचा मला आजही संताप येतो.

मग रुग्णांच्या बाजूने निर्णय होतात कुठे? बेडाक्विलिनचं उदाहरण बघा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचं हे औषध. त्याच्या एका क्षाररूपावर, म्हणजे त्याच औषधाच्या थोड्या वेगळ्या रासायनिक रूपावर, पेटंट मिळालं असतं तर कंपनीची मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघीही क्षयरोगातून वाचलेल्या, दोघींचीही श्रवणशक्ती उपचारांतल्या विषारी औषधांनी गेलेली. त्यांनी 2019 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात हरकत दाखल केली आणि मार्च 2023 मध्ये कंपनीचा पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. मूळ पेटंट त्याच जुलैत संपलं आणि इतर कंपन्यांना स्वस्त औषध बनवायची वाट मोकळी झाली. ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाच्या पेटंटला मुंबईच्याच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली होती. ती लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1 एप्रिल 2013 ला निकाल रुग्णांच्या बाजूने लागला. दोन्हीकडे लागलं ते वकील, कागदपत्रं आणि वर्षानुवर्षांची चिकाटी.

आपल्या मुलांच्या बाबतीत असे दरवाजे म्हणजे राज्य रक्त संक्रमण परिषद, अन्न व औषध प्रशासन आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय. रक्तपेढी मोफत रक्त नाकारते का, लोह उतरवणाऱ्या गोळ्या जिल्हा रुग्णालयात किती महिने नव्हत्या, याच्या तारखांसह नोंदी घेऊन तिथे जा. आणखी एक जागा फारशी कुणाला ठाऊक नसते, ती म्हणजे औषध चाचण्यांना परवानगी देणारी संस्थांची नैतिकता समिती. 2019 च्या नियमांनुसार तिच्यात किमान 7 सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. त्या खुर्चीवर थॅलेसेमियाच्या मुलाची आई बसली तर संमतीपत्रकाची भाषा बदलते. हॉटेलातल्या चर्चासत्राने ती बदललेली मी पाहिली नाही.

म्हणून परिषदांकडे पाठच फिरवा, असं मी म्हणणार नाही. 1983 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या परिषदेत एड्सचे रुग्ण व्यासपीठावर चढले आणि त्यांनी आपली मागणी वाचून दाखवली: आमच्याबद्दलच्या प्रत्येक निर्णयात आम्ही हवेत, आणि एड्सवरच्या प्रत्येक सभेत आमच्या शब्दाला इतरांइतकीच किंमत हवी. मात्र ते मागणी घेऊन गेले होते. तुमच्याकडे ठरावीक मागणी असेल, ज्याच्याकडे ती करायची तो माणूस तिथे नक्की येणार असेल आणि एरवी तो भेटतच नसेल, तर जा. पण पैसे आयोजकांनी द्यावेत. यासाठी आधार आहे. 2015 मध्ये 'पेशंट्स इन्क्लूडेड' नावाची परिषदांसाठीची सनद तयार झाली. विषय आणि वक्ते ठरवताना रुग्ण सहभागी हवेत, कार्यक्रमात भाग घेणाऱ्या रुग्णांचा प्रवास-मुक्कामाचा पूर्ण खर्च आधी दिला जावा, श्रोते म्हणून येणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या असाव्यात, सर्व सत्रं त्यांना खुली असावीत आणि शक्य तिथे मोफत थेट प्रक्षेपण असावं, असं ती सांगते. आयोजकांना पत्र लिहा, तिचा उल्लेख करा आणि यातलं काय काय देता, ते लेखी विचारा. मानधनही मागा, संकोच करू नका. आणि जाणाऱ्याला स्वतःला थॅलेसेमिया असेल तर रक्त चढवायच्या तारखेच्या आसपासचं सत्र घेऊ नका. त्या दिवसांतला थकवा आयोजकांच्या लक्षातही येत नाही.

'पास आम्ही काढून देतो' असा फोन एखाद्या औषध कंपनीकडून येऊ शकतो. ज्या कंपनीच्या गोळ्या आपली मुलं घेतात, तिच्याकडून तर घेऊच नका. उद्या तिच्याच किमतीबद्दल तक्रार करायची वेळ येईल. दुसऱ्या कुणाचं घेतलंत तर ते लेखी असू द्या आणि वार्षिक अहवालात छापा. पैसा परदेशातून येणार असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय तो ट्रस्टच्या खात्यात घेता येत नाही, हे खजिनदारांना आधीच सांगून ठेवा.

नुसते स्टॉल बघायचे असतील, लोह उतरवणारे नवीन पंप किंवा रक्ताचे फिल्टर काय आलेत ते, तर प्रदर्शनाच्या दालनाची नोंदणी वेगळी आणि पुष्कळदा मोफत असते. संकेतस्थळावर ती शोधा, सापडली नाही तर फोन करून विचारा.

आयोजकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा इथेच टाका. मी वाचून सुधारणा सुचवते. त्यांचं उत्तर आलं की तेही कळवा, म्हणजे इतर गटांनाही कोण काय देतं ते समजेल.